श्रोत्यांनी उभारलेले स्मारक

थोर माणसांची स्मारके उभारण्याची हौस बहुतेक सर्व समाजांना असते. त्या माणसाने जे निर्माण केले त्याच्याशी स्मारकाचे नाते काय असावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. समिती नेमली जाते, निधी जमतो, चौथरा बांधला जातो, अनावरणाची भाषणे होतात. आणि दुसऱ्या दिवसापासून पुतळ्याची गाठ ऊनपावसाशी आणि पाखरांशी उरते. संगीतकाराच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच अवघड. त्याची कृती हवेत उमटते आणि हवेतच विरते. ती दगडात कशी बांधावयाची? १८४० सालच्या ६ ऑगस्टला जर्मनीतील लाइपझिग शहरात, सेंट थॉमस चर्चमध्ये झालेल्या एका ऑर्गनवादनाने या प्रश्नाला जे उत्तर दिले, ते आजही विचारात घेण्यासारखे आहे.

वादक होता फेलिक्स मेंडेल्सन. वय अवघे ३१. पण १८३५पासून लाइपझिगच्या सुप्रसिद्ध गेवांटहाउस वाद्यवृंदाचा तो सूत्रधार होता आणि संगीतकार म्हणून त्याचे नाव युरोपभर झालेले होते. वादनाचा हेतू एकच होता : योहान सेबास्टियन बाख याच्या स्मारकासाठी पैसा उभा करणे. कार्यक्रमात आरंभीचा लहानसा आलाप आणि अखेरची एक उत्स्फूर्त रचना सोडली तर सर्व काही बाखचेच होते. ज्याचे स्मारक करावयाचे त्याचीच कृती लोकांना ऐकवावी, आणि ऐकणाऱ्यांनी दिलेल्या पैशातून दगड उभा राहावा, अशी ती योजना होती.

विस्मरणाची नव्वद वर्षे

बाख याच चर्चच्या सेवेत २७ वर्षे होता. १७२३मध्ये तो लाइपझिगला आला, थॉमस शाळेतील मुलांना गाणे शिकवू लागला, शहरातील प्रमुख चर्चसाठी आठवड्यामागून आठवडा नव्या रचना करीत राहिला, आणि २८ जुलै १७५० रोजी तेथेच वारला. सेंट जॉनच्या दफनभूमीत त्याला पुरले. पण त्या जागेवर नावाचा दगडदेखील बसला नाही. त्याची पत्नी दहा वर्षांनी वारली ती धर्मादायाच्या आधारावर जगत असताना. त्याच्या सर्वांत धाकट्या मुलीसाठी तर १८०० साली एका संगीतविषयक नियतकालिकातून मदतीचे आवाहन करावे लागले.

बाख सर्वस्वी विसरला गेला होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. संगीत शिकणारे विद्यार्थी त्याच्या रचना गिरवीत होते. थॉमस शाळेची मुले त्याची काही समूहगीते गात होती. परंतु जाणकारांच्या कपाटात असणे वेगळे आणि लोकांच्या कानात असणे वेगळे. ही दरी बुजविण्याचे पहिले मोठे काम मेंडेल्सननेच केले. ११ मार्च १८२९ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने बर्लिनमध्ये बाखची ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही विराट रचना सादर केली आणि बाखच्या पुनरुज्जीवनाला खरी चालना मिळाली.

हे काम त्याच्याच हातून व्हावे यात योगायोगाचा भाग थोडा आहे. आपल्याकडे ज्याला परंपरा म्हणतात तशी परंपरा त्याच्यामागे उभी होती. त्याच्या आजीची बहीण सारा लेवी ही बाखच्या थोरल्या मुलाची, विल्हेल्म फ्रीडेमान बाखची शिष्या. मेंडेल्सनचा गुरू झेल्टर हा बाखचा निष्ठावंत उपासक. ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ची हस्तलिखित प्रत मेंडेल्सनला भेट दिली ती त्याच्या आजीने. मेंडेल्सनचे घराणे मूळचे ज्यू; फेलिक्स सात वर्षांचा असताना मुलांना ख्रिस्ती धर्माची दीक्षा देण्यात आली. एका ल्यूथरपंथी चर्चसंगीतकाराचा ठेवा बर्लिनमधील ज्यू घरांनी असा दोन पिढ्या जपला, ही गोष्ट पुढे जे घडले त्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

वाद्य आणि वादक

मराठी माणसाला ‘ऑर्गन’ हा शब्द परका नाही. संगीत नाटकांच्या वैभवकाळात रंगमंचापुढे बसलेला ऑर्गन गायक नटाला सूर पुरवीत असे. पण तो पायपेटीचा ऑर्गन. त्यात हवेच्या दाबाने धातूच्या पट्ट्या कंप पावतात आणि नाद निघतो. चर्चमधील थोरला ऑर्गन हा नळ्यांचा असतो. शेकडो, कित्येकदा हजारो नळ्या. काही बोटभर उंचीच्या, काही दुमजली घराएवढ्या. प्रत्येक नळी एकच सूर देते. एका जातीच्या नादाच्या नळ्यांची एकेक रांग असते. वादकाने खुंटी ओढली की ती रांग बोलू लागते, ढकलली की मुकी होते. कोणती रांग केव्हा जागी करावयाची आणि कोणती कोणत्या रांगेत मिसळावयाची, यातच वादकाच्या रसिकतेची निम्मी परीक्षा असते. हातांसाठी एकावर एक रचलेल्या पट्ट्या असतात, आणि पायांसाठी लाकडी पट्ट्यांची वेगळी ओळ. खर्जाचे सारे चलन पायांनी वाजवावयाचे असते. त्या काळी विजेचा पंखा नव्हता. माणसे आड उभी राहून भाते दाबत तेव्हा वाद्यात प्राण येई.

पायांचे हे काम सोपे नाही. मेंडेल्सनने या वादनानंतर आईला लिहिलेल्या पत्रात आपल्या तयारीची हकीकत सांगितली आहे. आधीचे आठ दिवस त्याने इतका सराव केला की त्याला धड उभे राहवेना. रस्त्याने चालतानाही त्याची पावले ऑर्गनवरच्या तानाच घेत होती. ज्याला सारा युरोप मानत होता, त्याने एका दिवंगत गुरूच्या नावाने वाजविण्यापूर्वी एखाद्या विद्यार्थ्यासारखी मेहनत केली. श्रद्धांजली या शब्दाला काही अर्थ असेल तर तो अशा आठ दिवसांत शोधावा लागतो.

या वाद्याचा आणखी एक गुण असा की ते वादकाला झाकून टाकते. ऑर्गन वरच्या सज्ज्यात, वादक त्याच्या पुढ्यात, आणि श्रोते खाली. हातवारे नाहीत, मुद्रा नाहीत, वादकाच्या चेहऱ्यावरून पसंती-नापसंती ताडण्याची सोय नाही. त्या काळी चर्चमध्ये टाळ्या वाजविण्याची रीत नसल्यामुळे श्रोत्यालाही आपली पसंती दाखविण्याचा मार्ग नव्हता. उरतो तो फक्त नाद आणि तो ऐकणारा कान. मैफलीत ‘वाहवा’ देऊन मोकळे होण्याची सवय असलेल्या आपल्या श्रोत्यांना ही अवस्था कदाचित कोंडल्यासारखी वाटेल. परंतु दाद बाहेर पडू शकत नाही तेव्हा ती आत मुरते, हेही तितकेच खरे.

एका श्रोत्याची नोंद

त्या संध्याकाळी चर्चमध्ये बसलेल्या श्रोत्यांपैकी एकाने दुसऱ्या दिवशी लेखणी हाती घेतली. त्याचे नाव रॉबर्ट शूमान. स्वतः श्रेष्ठ संगीतकार असलेला शूमान १८३४मध्ये आपल्या मित्रांसह सुरू केलेल्या संगीतविषयक नियतकालिकाचे संपादन करीत असे. त्याने लिहिलेली या वादनाची हकीकत फार मोठी नाही. पण रसग्रहण कसे असावे याचा तो एक वस्तुपाठ आहे.

कालची संध्याकाळ सुवर्णाक्षरांनी नोंदवावीशी वाटते, अशा आशयाने तो आरंभ करतो. परंतु विशेषणांच्या राशी रचत बसत नाही. काय वाजले ते क्रमाने सांगतो. आधी तीन स्वरवाक्ये एकमेकांवर रचत नेणारी भव्य फ्यूग. मग एका चर्चगीतावरची अत्यंत अंतर्मुख रचना. मग निष्णात वादकालाही कठीण जावी अशी एक जोडरचना. विश्रांतीनंतर पासाकाल्या. ही शेवटची रचना आपल्या श्रोत्याला चटकन उमगेल. पायांच्या पट्ट्यांवर पंधरा स्वरांचे एक चलन प्रथम एकटेच वाजते. मग ते फिरून फिरून येत राहते, आणि त्याच्यावर दर वेळी नवी वीण विणली जाते. तबल्याच्या स्वतंत्र वादनात लेहरा अचल राहून तबलियाला आधार देतो, तसाच काहीसा हा प्रकार. फरक एवढाच की येथे लेहरा आणि विस्तार दोन्ही एकाच माणसाच्या हातापायांत असतात. मेंडेल्सनने या रचनेत नळ्यांच्या रांगांची योजना किती उत्तम केली होती, हेही शूमान आवर्जून नोंदवतो.

अखेरीस मेंडेल्सनने आपली उत्स्फूर्त रचना वाजविली. ख्रिस्ताच्या रक्तबंबाळ मस्तकावरील चर्चगीताचा तिला आधार होता. आपली चूक होत नसेल तर ते तेच गीत होते, अशी कबुली देऊन शूमान पुढे लिहितो की वादकाने त्यात बाखचे नाव गुंफले. नाव सुरांत गुंफता येते ते असे : जर्मन स्वरलिपीत बी, ए, सी आणि एच ही चारही अक्षरे स्वरांची नावे आहेत. पांढरी एक हा षड्ज धरला, तर कोमल निषाद, शुद्ध धैवत, षड्ज आणि शुद्ध निषाद वाजवले की बाखचे नाव उच्चारले जाते. ज्या वास्तूत त्या माणसाने २७ वर्षे काम केले, तिच्यातच त्याचे नाव शब्दांवाचून घेतले गेले. ही रचना छापली असती तर ती एक परिपूर्ण कलाकृती ठरली असती, असा शूमानचा अभिप्राय आहे.

या लेखातील दोन विचार विशेष मोलाचे आहेत. एक असा की बाखपाशी आपण कधीच ‘झाले’ असे म्हणू शकत नाही. जितके ऐकावे तितका तो खोल होत जातो. त्याच्याविषयी विद्वानांनी पुष्कळ चांगले लिहिले आहे; पण शब्द त्याला दुरूनच स्पर्श करतात, आणि त्याच्या कृतींचे खरे विवरण म्हणजे त्या जिवंतपणे वाजवून दाखविणे. दुसरा विचार शेवटी येतो. चर्चच्या खिडक्यांतून उन्हाळ्यातील संध्याकाळचा प्रकाश आत येत होता. बाहेर पडल्यावरही कित्येक जण त्या सुरांचे मनन करीत राहिले असतील, असे सांगून तो म्हणतो की एक गुरू दुसऱ्या गुरूला मुखरित करतो तेव्हा मिळणाऱ्या दुहेरी आनंदाहून संगीतात काही मोठे नाही. जुन्या आणि तरुण अशा दोघाही गुरूंना वंदन करून लेख संपतो.

श्रोत्यांत आणखी एक वृद्ध गृहस्थ होते, असे सांगतात. फ्रीडरिख रॉखलिट्झ हे त्यांचे नाव. वय सत्तरीच्या पुढे. हे लहानपणी थॉमस शाळेतच शिकलेले. १७८९मध्ये मोझार्ट लाइपझिगला आला असताना याच शाळेतील मुलांच्या तोंडून बाखची रचना ऐकून कसा हरखून गेला, याची आठवण त्यांनीच लिहून ठेवली. बाखच्या धाकट्या मुलीसाठी १८०० साली मदतीचे आवाहन केले तेही यांनीच, आपल्या नियतकालिकातून. वादन संपल्यावर त्यांनी मेंडेल्सनला मिठी मारली आणि याहून उदात्त असे काही आता ऐकावयाचे उरले नाही, आपण समाधानाने डोळे मिटू, अशा अर्थाचे उद्गार काढले, असे मेंडेल्सनच्या चरित्रकाराने नमूद केले आहे. हा उद्गार वाचताना त्यामागची चाळीस वर्षांची वाट पाहणेही ध्यानी घ्यावयास हवे. दाद अशा आयुष्यातून आली म्हणजे तिला वजन येते.

दगड आणि सूर

खर्च वजा जाता या वादनाचे ३०० थालर शिल्लक राहिले. मेंडेल्सन तेवढ्यावर थांबला नाही. १८४१च्या एप्रिलमध्ये त्याने याच चर्चमध्ये ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ सादर करून निधीत भर घातली. आणखी शंभर वर्षे जावी लागणार काय, असा प्रश्न शूमानने आपल्या लेखात केला होता. प्रत्यक्षात तीनच वर्षे लागली. २३ एप्रिल १८४३ रोजी चर्चजवळच्या उद्यानमार्गावर वाळूच्या दगडातील ते छोटेखानी स्मारक खुले झाले. समारंभाला बाखचा एक नातू उपस्थित होता. वय ८०च्या पुढे, केस पांढरेशुभ्र. तो हयात आहे हेच कुणाला ठाऊक नव्हते. बर्लिनमध्ये तो राहत होता, आणि बर्लिनमध्येच वाढलेल्या मेंडेल्सनलाही त्याचा पत्ता नव्हता. बाखच्या विस्मरणाचा याहून बोलका पुरावा कोणता?

त्या संध्याकाळच्या श्रवणाची फळे दगडापुरती राहिली नाहीत. १८४५मध्ये शूमानने बाखच्या नावातील त्याच चार सुरांवर ऑर्गनसाठी सहा फ्यूग रचल्या. त्याच वर्षी मेंडेल्सनचे सहा ऑर्गन सोनाटा प्रसिद्ध झाले. १८५०मध्ये, बाखच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, त्याची समग्र रचना छापण्यासाठी लाइपझिगमध्ये एक संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत शूमान होता. हे काम पुरे व्हावयास जवळजवळ ५० वर्षे लागली. ऐकणारा माणूस ऐकून स्वस्थ बसला नाही. त्याने लिहिले, रचले, छापले, शिकविले. श्रवणाचे रूपांतर कामात झाले.

आणि मग १९३६ साल आले. मेंडेल्सनचा पुतळा १८९२मध्ये गेवांटहाउससमोर बसविण्यात आला होता. नाझी राजवटीला ज्यू कुळातील संगीतकाराचा पुतळा सहन होईना. महापौर कार्ल गेर्डेलर परदेशी गेले असताना, नोव्हेंबरमधील एका रात्री तो पुतळा काढून टाकण्यात आला. परतल्यावर गेर्डेलर यांनी तो पुन्हा बसवावा असा आग्रह धरला. तो मानला गेला नाही तेव्हा त्यांनी पद सोडले. पुढे हिटलरविरोधी कटातील सहभागासाठी १९४५मध्ये त्यांना देहदंड झाला. मेंडेल्सनने बाखसाठी उभारलेला दगड जागेवर राहिला. तो उभारणाऱ्याची मूर्ती मात्र उखडली गेली. बाखचा ठेवा ज्या कुळांनी जपला, त्या कुळांनाच बाखच्या वारशातून हद्दपार करण्याचा हा खटाटोप होता.

यावरून दगड व्यर्थ आणि सूर अमर, असा सोपा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. सूरही बंद पाडता येतात. पुतळ्याबरोबर मेंडेल्सनचे संगीतही जर्मन मैफलींतून हद्दपार झाले होते. आणि दगड अगदीच निरुपयोगी असता, तर मेंडेल्सनने त्यासाठी आठ दिवस पाय झिजवले नसते. वाटेने जाणाऱ्या अजाण माणसाला थांबवून ‘हा कोण?’ असे विचारावयास लावणे एवढे तरी दगड करतोच. खरा मुद्दा वेगळा आहे. १८४०च्या त्या संध्याकाळचे आज काय शिल्लक आहे? मेंडेल्सनने वाजविलेला ऑर्गन त्या चर्चमध्ये नाही. तेथील मोठा ऑर्गन १८८९चा आहे, आणि बाखच्या काळाच्या धर्तीवरचा दुसरा, बाखच्या २५०व्या स्मृतिवर्षात म्हणजे २०००मध्ये बसविलेला. ती उत्स्फूर्त रचना त्या दिवशी वाजली तशी पुन्हा कुणालाही ऐकता आलेली नाही. वादकाची मूळ मूर्ती नाहीशी झाली. शिल्लक आहे ती एका श्रोत्याने मन लावून लिहिलेली नोंद. ती नसती तर त्या संध्याकाळी काय घडले ते आपल्याला कळले नसते, आणि जे नष्ट केले गेले ते परत मिळविण्याजोगे होते याची जाणीवही क्षीण झाली असती. २००८मध्ये मेंडेल्सनच्या पुतळ्याची प्रतिकृती लाइपझिगमध्ये, सेंट थॉमस चर्चनजीक, पुन्हा उभी राहिली. ती उभारणाऱ्यांना जुन्या छायाचित्रांइतकीच जुन्या श्रोत्यांची साक्षही उपयोगी पडली असेल.

आपल्याकडे गुरूच्या पुण्यतिथीला शिष्याने गाण्याची चाल जुनी आहे. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३पासून पुण्यात रुजविलेला महोत्सव हे तिचे सर्वश्रुत उदाहरण. अशा उत्सवांना गर्दी होते याचा आनंदच आहे. पण किती जण घरी गेल्यावर आपण काय ऐकले ते चार ओळींत लिहून ठेवतात? कोणता राग, कोणती बंदिश, ती गुरूकडून शिष्याकडे येताना कोठे वळली, हे किती जण नोंदवतात? ध्वनिमुद्रणाची साधने हातोहाती आल्यापासून ऐकण्याचे काम यंत्रावर सोपविण्याकडे कल वाढला आहे. यंत्र नाद साठवते. त्या नादाने एखाद्या माणसाच्या मनात काय घडविले ते साठवीत नाही. ते काम श्रोत्याचेच आहे, आणि त्यासाठी शूमानएवढी प्रतिभा असावी लागत नाही. जे ऐकले ते क्रमाने सांगण्याचा प्रामाणिकपणा आणि जेथे खात्री नाही तेथे तसे म्हणण्याचा विनय, एवढे भांडवल शाळेतील शिक्षकाला, कचेरीतील कारकुनाला आणि महाविद्यालयातील विद्यार्थ्याला सहज परवडण्यासारखे आहे. स्मारक समित्यांच्या याद्यांत अशा माणसांची नावे येत नाहीत. परंतु लाइपझिगच्या त्या संध्याकाळची हकीकत आज सांगता येते, ती त्यांच्यासारख्याच एका सावध श्रोत्यामुळे.